लाल टोपण, नारिंगी टोपण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुकानात एक गृहस्थ आले, खिशातून वापरलेली इन्सुलिनची सिरिंज काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "आईसाठी अशा दहा द्या." सिरिंजचं टोपण नारिंगी होतं. मी सवयीनं विचारलं, "बाटली कुठली आहे?" त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. बाटलीवर स्पष्ट छापलं होतं, ४० आय.यू. प्रति मिली (आय.यू. म्हणजेच युनिट, इन्सुलिन मोजायचं माप).

"या सिरिंज कुठून घेतल्या?"

"भाऊ पुण्याहून येताना पाकीटच घेऊन आला होता. दोन महिने पुरलं."

"आईंची शुगर कशी आहे?"

"काही केल्या उतरत नाही हो. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला."

आई सकाळी २४ युनिट घेत होत्या. म्हणजे सिरिंजवरच्या २४ च्या रेषेपर्यंत औषध भरत होत्या. शरीरात मात्र जेमतेम साडेनऊ युनिट जात होतं. औषध चांगलं होतं, फ्रीजमध्ये नीट ठेवलेलं होतं, आणि आई चोरून गोडही खात नव्हत्या (त्यावरून घरात रोज खटके उडायचे, हे मागाहून कळलं). मोजायची पट्टी तेवढी दुसऱ्या औषधाची होती.

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून इतकी वर्षं झाली, तरी हा घोळ दर दोन-तीन महिन्यांनी समोर येतोच. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

रेषा कशाच्या आहेत?

साध्या सिरिंजवर मिली लिहिलेले असतात. जुने लोक त्यालाच सीसी म्हणतात. १ सीसी म्हणजे १ मिली, त्यात काही फरक नाही. मिली हे जागेचं माप. नळीत किती पातळ पदार्थ मावला, एवढंच ते सांगतं. त्या पातळ पदार्थात औषध किती विरघळलंय, हे सिरिंजला कळायचा काही मार्ग नाही. ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

दोन ग्लास सरबत करा. एकात दोन चमचे साखर, दुसऱ्यात पाच. पाणी दोन्हीकडे सारखंच. आता दोन्हीतून एकेक घोट घ्या. घोट सारखा, पण पोटात गेलेली साखर सारखी नाही. भारतात मिळणाऱ्या इन्सुलिनचं हुबेहूब असंच आहे, अगदी दोनास पाच याच प्रमाणात. एक प्रकार १ मिलीत ४० युनिटचा, दुसरा १ मिलीत १०० युनिटचा. दुकानात आम्ही त्यांना 'चाळीसचं' आणि 'शंभरचं' म्हणतो. वर्षानुवर्षं चालत आलेल्या साध्या इन्सुलिनच्या १० मिलीच्या बाटल्या बहुतेक चाळीसच्या असतात, म्हणजे अख्ख्या बाटलीत ४०० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणारी ३ मिलीची कार्ट्रिज (औषधाची भरलेली नळी) शंभरची, म्हणजे ३०० युनिट. ग्लार्जिनसारख्या नव्या इन्सुलिनच्या बाटल्याही शंभरच्या येतात. त्यामुळे 'बाटली म्हणजे चाळीस, पेन म्हणजे शंभर' हा जो नियम लोकांच्या डोक्यात बसलाय, तो पुरता खरा नाही. लेबल वाचायलाच हवं.

इन्सुलिनच्या सिरिंजवर मिलीऐवजी थेट युनिट छापलेले असतात, रुग्णाला गुणाकार-भागाकार करायला लागू नये म्हणून. ही सोय झाली खरी, पण गोची पण तिथेच आहे. युनिटच्या रेषा आखताना कंपनीनं धरून चाललेलं असतं की आत अमुकच तीव्रतेचं इन्सुलिन भरलं जाणार. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपणाची शंभरच्या. लाल टोपणाच्या सिरिंजवर १ मिलीला ४० ची रेषा असते. नारिंगीच्या १ मिलीवर १०० ची.

आता उदाहरणाला २० युनिटचा डोस धरा. चाळीसचं इन्सुलिन, लाल सिरिंज, २० ची रेषा: अर्धा मिली, २० युनिट, बरोबर. तेच चाळीसचं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर आत येतो ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर वाढत राहते. उलट केलं, म्हणजे शंभरचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर अर्धा मिली येतो आणि शरीरात जातात ५० युनिट. पहिली चूक आठवडे, महिने लपून राहते. दुसरी तासाभरातही कळू शकते: दरदरून घाम, हातांना कंप, काहूर माजल्यासारखं होणं, बोलण्यात असंबद्धपणा. शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना. आणि डोस अडीचपट गेलाय हे माहीत असेल, तर साखर खाऊन बरं वाटलं तरी घरी थांबायचं नाही. ते इन्सुलिन कित्येक तास काम करत राहतं, शुगर पुन्हा पडते.

त्या गृहस्थांना मी लाल टोपणाच्या सिरिंज लगेच काढून दिल्या नाहीत, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. कारण सांगतो. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी दोन महिन्यांत डोस १६ वरून २४ वर नेला होता. समजा आईंना खरोखरच्या १२ युनिटनंच भागत असेल. उद्यापासून योग्य सिरिंज हातात आली आणि त्यांनी कागदावरचे २४ भरले, तर शरीराला काल मिळत होतं त्याच्या अडीचपट इन्सुलिन एका दिवसात मिळणार. चुकीची सिरिंज सापडली की ती गुपचूप बदलून टाकायची, असा आपला स्वभाव. डॉक्टर ओरडतील म्हणून सांगायचं नाही. इथे ते अंगाशी येतं. आधी डॉक्टरांना फोन करायचा, दोन महिने काय झालं ते सांगायचं, नवा डोस घ्यायचा, मग नवी सिरिंज. त्यांनी दुकानातूनच फोन लावला. डॉक्टरांनी डोस खाली आणला.

हा दुहेरी कारभार आला कुठून

इन्सुलिन सापडलं १९२१ साली, टोरांटोत. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. सुरुवातीचं इन्सुलिन फार पातळ असायचं, एका डोससाठी बरंच पाणी टोचून घ्यावं लागे. शुद्ध करण्याची पद्धत सुधारत गेली तशी तीव्रता वाढत गेली. चाळीस आलं, ऐंशी आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेनं ठरवलं की शंभर हे एकच ठेवायचं, आणि हळूहळू बरेच देश तिकडे वळले. आपल्याकडे पेनाबरोबर शंभर आलं, पण बाटलीतलं चाळीस गेलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी एकाच फ्रीजमध्ये नांदतात.

लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांसाठी हे विशेष. तुम्ही इथून चाळीसच्या बाटल्या बॅगेत भरून नेता. सिरिंज मात्र 'तिकडे मिळतील की' म्हणून मोजक्याच. तिकडच्या दुकानात माणसांसाठी मिळणारी सिरिंज शंभरची असते. चाळीसची तिथे वापरतात ती कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी! तेव्हा बाटल्यांबरोबर तेवढ्याच दिवसांच्या सिरिंजही इथूनच न्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

पेनाबद्दल एकच गोष्ट, पण ती कान देऊन ऐका. पेन बिघडलं किंवा पेनाच्या सुया संपल्या की घरातली साधी सिरिंज कार्ट्रिजमध्ये खुपसून औषध काढायचं, हा उद्योग मी चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांत पाहिलाय. कार्ट्रिज शंभरचं आणि घरात पडलेली सिरिंज लाल टोपणाची: वर सांगितलेली अडीचपटीची चूक इथेच होते. शिवाय काही पेनांत २०० आणि ३०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिनही येतं. पेनातलं इन्सुलिन पेनानंच घ्यायचं, मग ते कितीचंही असो, कारण चकती फिरवताना दिसणारा आकडा त्या पेनानं आधीच युनिटमध्ये बसवलेला असतो. दर वेळी नवी सुई लावून आधी दोन युनिट हवेत सोडून बघा. सुईच्या टोकाशी थेंब दिसला की मग डोस लावा. टोचल्यावर दहापर्यंत आकडे मोजून सुई काढा, नाहीतर शेवटचा थेंब बाहेरच राहतो.

भरायचं कसं, वाचायचं कुठे

दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून दहा-वीस वेळा हलकेच घोळवायची, पणत्यांच्या वाती वळतो तशी. ताकासारखी घुसळायची नाही; फेस होतो आणि फेस मोजता येत नाही. मग जितके युनिट काढायचे तितकीच हवा सिरिंजमध्ये ओढून ती बाटलीत सोडायची. हे का, तर बंद बाटलीतून नुसतं ओढत राहिलं तर आत पोकळी तयार होते आणि औषध यायला कुरकुर करतं. हवा सोडली की बाटली उलटी करा, सुईचं टोक औषधात बुडालेलं आहे ना ते बघा, आणि दट्ट्या सावकाश मागे ओढा.

आता रेषा. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असतं. त्याला दोन कडा दिसतात, एक सुईकडची आणि एक बोटाकडची. मोजायची सुईकडची. काही सिरिंजमध्ये रबराचं टोक शंकूसारखं पुढे आलेलं असतं, तिथे शंकूचं टोक धरायचं नाही; रबर नळीला जिथे चारी बाजूंनी घट्ट चिकटलंय, ती सुईकडची पहिली कड धरायची. सिरिंज डोळ्यांसमोर आणून वाचा, मांडीवर ठेवून वरून नको.

बुडबुड्याची लोकांना भलतीच धास्ती असते, जुन्या चित्रपटांची कृपा. कातडीखाली टोचताना चुकून गेलेल्या बारीकशा बुडबुड्यानं जीव जात नाही. नुकसान वेगळं आहे: बुडबुड्यानं जेवढी जागा अडवली, तेवढं औषध कमी गेलं. ५ युनिट घेणाऱ्या लहान मुलाच्या डोसमध्ये एका युनिटएवढा बुडबुडा म्हणजे पाचवा हिस्सा गायब. नळीवर टिचकी मारा, बुडबुडा वर येईल, तो बाटलीतच परत ढकला आणि रेषेपर्यंत पुन्हा भरा.

आणि एक भाषेची गंमत. आमच्याकडे बरेच जण युनिटला पॉइंट म्हणतात. 'पाच पॉइंट' म्हणजे पाच युनिट. पण मिलीमध्ये बोलताना 'पॉइंट पाच' म्हणजे अर्धा मिली. फोनवर मुलाला डोस सांगताना शब्द मागेपुढे झाले की काय होईल, विचार करा. मी तर समोरच्याला आकडा कागदावर लिहायलाच लावतो. लिहितानाही अर्धा मिली असेल तर ०.५ असं पुढे शून्य देऊन लिहा, नुसतं टिंब देऊन पाच लिहिलं तर टिंब कुणाला दिसत नाही. पाच मिली असेल तर ५.० लिहू नका, पन्नास वाचलं जातं. आणि युनिटसाठी इंग्रजी यू हे एक अक्षर नको. घाईत लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. 'युनिट' हा अख्खा शब्द लिहायला असा कितीसा वेळ लागतो!

चमचा, पळी, बोंडलं

इन्सुलिन ज्यांच्या घरात नाही, त्यांच्या घरात तापाचं सिरप तरी असतंच. 'एक चमचा द्या' असं सांगितलं जातं तेव्हा डॉक्टरांच्या मनात ५ मिली असतात. मी एकदा घरातल्या चमच्यांमध्ये सिरिंजनं पाणी मोजून घातलं. चहाच्या चमच्यात ३ मिली मावलं, साखरेच्या डब्यातल्यात ६, पोहे खायच्या चमच्यात ९. पुन्हा कोण काठोकाठ भरतं, कोण सांडायला नको म्हणून थोडा रिकामा ठेवतं. आजी देवाच्या पळीनं देते ती गोष्ट आणखी निराळी. बोंडल्यानं पाजायला माझी हरकत नाही, बाळाला ते सवयीचं असतं. फक्त आधी सिरिंजनं मोजून बोंडल्यात घाला, आणि पाजून झाल्यावर त्यातच चमचाभर दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी फिरवून तेही पाजा, कारण दाट सिरप तळाशी चिकटून बसतं.

पण चमच्यापेक्षा मोठा घोळ बाटल्यांचा. उदाहरणाला पॅरासिटामॉल हे तापाचं एकच औषध धरा. तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५. मोठ्या मुलांच्या सिरपच्या ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितलं, तर ते ड्रॉप्समधून होतात दीड मिली, १२५ च्या सिरपमधून ६ मिली आणि २५० च्या सिरपमधून ३ मिली. तीन बाटल्या, तीन वेगळी मापं, डोस एकच. ड्रॉप्सची बाटली सगळ्यात इवलीशी असते, त्यामुळे घरच्यांना वाटतं तेच सगळ्यात सौम्य. प्रत्यक्षात ते साध्या सिरपच्या चौपट कडक असतं. रात्री दोन वाजता सिरप संपलंय म्हणून कुणी ड्रॉप्सच ६ मिली पाजले, तर ६०० मिलिग्रॅम गेले. जास्त पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं आणि पहिल्या दिवशी मूल वरकरणी ठीक दिसतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. असं काही झालं असेल तर त्रास व्हायची वाट न बघता बाटली घेऊन दवाखान्यात जा. सर्दीच्या कित्येक सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतंच. तापाचं आणि सर्दीचं मिळून दुप्पट होतं का, ते विचारून घ्या.

डॉक्टरांना म्हणूनच विचारायचं, "किती मिली, आणि कुठल्या बाटलीतून?" बाटली बदलली, दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली, तर हा प्रश्न पुन्हा.

अँटिबायोटिकचं कोरड्या पावडरीचं सिरप मिळतं त्यातही मापाचा प्रश्न आहे, फक्त तो पाणी घालतानाच येतो. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खाली घाला, जोरात हलवा, फेस खाली बसू द्या. पातळी उतरलेली दिसेल. मग खुणेपर्यंत पाणी घाला आणि पुन्हा हलवा. खूण ओलांडून पाणी घातलं की प्रत्येक डोस पातळ. नंतरही दर वेळी हलवूनच द्यायचं, नाहीतर पहिले दोन दिवस मुलाला नुसतं गोड पाणी आणि शेवटच्या दिवशी तळाचा सगळा गाळ.

मोजायला सिरिंज घेताना डोस मावेल अशी लहानात लहान घ्या. १ मिलीच्या सिरिंजवर ०.०१ मिलीच्या रेषा असतात, २ मिलीवर ०.१ च्या, ५ मिलीवर ०.२ च्या. ०.४ मिलीचा डोस ५ मिलीच्या सिरिंजमध्ये दुसऱ्या रेषेवर येतो. तिथे केसभर इकडेतिकडे झालं तरी चुकीचं प्रमाण मोठं. तोच डोस १ मिलीच्या सिरिंजमध्ये निम्म्याच्या आसपास, निवांत वाचता येतो. सिरपसाठी इन्सुलिनची सिरिंज मात्र वापरू नका, तिच्यावर मिली नसतात. सुई काढून टाका, आणि नळीच्या तोंडाला बारकं टोपण असेल तर तेही आधीच काढून कचऱ्यात. ते बाळाच्या घशात उडून बसल्याचे प्रकार घडलेले आहेत. बाळाला उभं धरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. घशात पिचकारी मारू नका.

सुईच्या जाडीचं गणित उलटं चालतं: गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. २४ जाड, ३१ केसासारखी. इन्सुलिनची ३१ ची सुई दुसऱ्यांदा वापरली की टोक बोथट होतं आणि त्या जागी गाठी येऊ लागतात. गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी झिरपतं, कधी नाही. मग सिरिंज बरोबर असूनही हिशोब चुकतो. जागा बदलत राहा.

वापरलेली सुई टोपण परत लावायच्या भानगडीत न पडता जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. शॅम्पूची किंवा फिनेलची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली नको. पाऊण भरली की झाकणाला टेप लावून वर 'सुया' असं ठळक लिहा. घरातल्या सुया म्हणजे घातक कचरा, त्यामुळे घंटागाडीवाल्याच्या हातात देताना ती ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी द्या आणि तोंडानं सांगा, "दादा, यात सुया आहेत."